डाव्या हाताची ठोक

दारूखान्यात वजनावर घेतली मी ही डुक्कर फियाट.
इंजिन नाही, काचा नाहीत,
डाव्या मडगार्डवर दोन बोटं जाड लांबी
आणि लांबीवर चार रंग,
एकमेकांना न विचारता लावलेले.
काटेवाला म्हणाला, पुढे भंगारात देणार का बाई?
म्हटलं, नाही. शिवणार.

तीस वर्षं घोडपदेवला ब्लाउज शिवतेय.
सपाट कापडातून मला खांदा काढता येतो,
मग सपाट पत्र्यातून का येऊ नये?
शमसू मिस्त्री हसला. दात थोडे, हसू पुरेसं.
'पत्रा म्हणजे कापड नाय. त्याला राग येतो.'

मागचा घेर कंपनीचा नको होता मला.
छत उतरवलेलं, दारं दोनच,
आणि पाठ अशी उतरती हवी,
जशी चांगल्या बेतलेल्या पोलक्याची.
लग्नपत्रिकांचे पुठ्ठे चिकटपट्टीने जोडत
चाकाच्या कमानीवरून मी आडवी आले,
पुठ्ठा जिथे उचलला तिथे पेन्सिलीने लिहिलं:
इथे ढिला. इथे टक्स.
मिस्त्रीने वाचलं. चष्मा वर सरकवून पुन्हा वाचलं.
मग वाळूच्या पिशवीवर वीस गेजचा पत्रा ठेवून
कडेला चार चुण्या पाडल्या
आणि लाकडी मोगरीने एकेक चुणी
तिच्या तिच्यातच जिरवली.
कड आखडली, पोट फुगलं.
मीही हेच करते,
फक्त माझ्याकडे शेजारी तक्रार करत नाहीत.

पत्र्याला राग येतो हे खरं निघालं.
जास्त ताणला की मधेच सैल पडतो,
बोट लावलं की रिकाम्या डब्यासारखा टक्-टक् बोलतो.
तिथे गॅसने नाण्याएवढा लाल ठिपका,
दोन हलके ठोके, वर ओलं फडकं,
चर्रर्र,
आणि गप्प.

लांबी उतरवायला घेतली ती सगळ्यात शेवटी.
मोरपंखी सुटला, मग खाकी, मग साय उतरल्यासारखा क्रीम,
तळाशी काळा.
मिस्त्री मडगार्डच्या आतून तळहात फिरवत होता,
डोळे मिटून, नेहमीसारखा,
आणि थांबला.
'बल्ब आणा.'

आत ठोक्यांचे ठसे, माशाच्या खवल्यांसारखे,
सगळे एकाच बाजूला कललेले.
डावखुऱ्याचे.
मुंबईत डावखुरे काय कमी आहेत, मी म्हटलं.
त्याने एका ठशावर अंगठा टेकवला.
'कपची उडालेली हातोडी. बघा, दर ठोक्यात नखाएवढी कोर.
अठराचा होतो. डोंगरीला, गुलाब उस्तादच्या ग्यारेजात.
पोचा निघेना. गाडी जेवणाआधी द्यायची होती.
लांबी भरली.
उस्तादने विचारलान, पत्रा काढलास? मी बोललो, काढला.'

आपला डावा हात त्याने उजेडात धरला,
जणू कुणी सांभाळायला देऊन गेलंय.

राहू दे की, मी म्हटलं, पन्नास वर्षं टिकलाय,
आतून कोण बघतंय?
'आतून कोण बघतंय,
हेच मी तेव्हा बोललेलो, मनात.'
आणि कातर लावली.

नवा तुकडा बसला. सांधा पितळेने भरला, कानशीने घासला.
रॉकेलचं फडकं फिरवून वाकून पाहिलं
तर ट्यूबलाइटची रेघ या टोकापासून त्या टोकापर्यंत
कुठेही न अडखळता गेली.
या कामाची मजुरी घेतली नाही.
चहा घेतला. दोनदा.

कापलेला तुकडा भंगाराच्या डब्यात नव्हता.
मीच खणाच्या कातरणात गुंडाळून दिला,
त्याने सायकलच्या कॅरियरला बांधला,
काय करणार ते सांगितलं नाही,
मीही माप घेत बसले नाही.

दुसऱ्या दिवशी आला तो थेट उजव्या मडगार्डपाशी.
ते बरं आहे हो, मी म्हटलं,
त्याला काही झालेलं नाही.
पण हत्यारांची पिशवी सोडण्याआधी
त्याने आधी बल्ब मागितला.